काँक्रीटला मुंग्या

“तू खोटं बोलतेस का?”

हा प्रश्न मी एका भिंतीला विचारला. माईकवरून, अख्ख्या नववी ‘ब’समोर. मुळात तो माझा नव्हताच. नाझनीन आणि प्रचितीनं बसमध्येच मला पेटवलं होतं. “केतके, कबड्डीची कॅप्टन झाल्यापासून लई उडालीयास. दम असेल तर भिंतीला हे विचारून दाखव. न्हाई विचारलंस तर वर्षभर आमच्या पाण्याच्या बाटल्या तू भरायच्यास.”

“विचारतो की! त्यात काय!” मी म्हटलं. (आम्ही कोल्हापूरकडच्या पोरी येतो-जातोच म्हणतो. पुण्याहून आलेल्या साहेबांना त्याचं फार हसू येतं. येऊ दे.)

मागच्या वर्षीची केतकी मगदूम असती तर गुपचूप बाटल्या भरत बसली असती. वर्गात हात वर करायचा म्हटलं तरी माझं कोपर बाकाला चिकटायचं. पण एकदा का एकटीनं समोरच्या सातजणींच्या अंगणात घुसून, पाय सोडवून परत आलं, की मग माईकचं काही वाटत नाही.

भिंत मात्र तेव्हा भिंतीसारखी उभी नव्हती. कागलच्या पुढं हायवेला ‘भरघोस’ नावाचं दुकान होतंय. एवढं मोठं, की आमची शाळा मैदानासकट आत मावेल. त्याची पहिली भिंत फरशीवर आडवी पडली होती. माझ्या पप्पांनी आणि त्यांच्या माणसांनी ती आदल्याच दिवशी, सोमवारी, ओतली होती. पप्पा कंत्राटदार आहेत, म्हणून तर आमची सहल तिथं.

या पद्धतीला टिल्ट-अप म्हणतात. वीट वीट रचत वर जायचं नाही. आधी दुकानाची फरशी करायची. मग त्या फरशीवरच फळ्यांची चौकट लावून, सळ्या टाकून, काँक्रीट ओतायचं. थालीपीठ थापताना आपण कागदाला तेलाचा हात लावतो ना, तसं फरशीला आधी एक औषध मारतात, म्हणजे भिंत खाली चिकटत नाही. काँक्रीट घट्ट झालं, की त्यात पुरलेल्या लोखंडी आकड्यांना क्रेनच्या साखळ्या अडकवायच्या आणि पेटीचं झाकण उघडावं तशी ती भिंत उभी करायची. तिरके टेकू लावायचे, की झालं. दोन मजली उंच, दहा हत्तींच्या वजनाची भिंत, चहा निवायच्या आत उभी!

आणि ही भिंत बोलत होती. म्हणजे तिच्यात बसवलेली ‘साक्षी’ नावाची संगणक-यंत्रणा बोलत होती.

“मला जे मोजता येतं आणि मला जे सांगितलं जातं, त्यावरून मी बोलते,” स्पीकरमधून बाईचा गार आवाज आला. “जे मला कुणी सांगितलंच नाही, त्याबद्दल मी खोटं बोलत नाही. खरंही बोलत नाही.”

वर्ग खो-खो हसला. आमच्या शास्त्राच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. पुण्याचे इंजिनिअर कारखानीस सर तर इतके खूश झाले, जणू ते उत्तर त्यांनीच पाठ करून घेतलं होतं. मी पप्पांकडे बघितलं. माझ्या कुठल्याही आगाऊपणावर सगळ्यात आधी हसणारा माणूस तो. पिवळं हेल्मेट घालून ते भिंतीच्या एका कोपऱ्याशी उभे होते.

पप्पा हसले नाहीत.

साक्षीबद्दल सरांनी छान समजावून सांगितलं, हे मान्य केलं पाहिजे. काँक्रीट वाळतं असं आपण म्हणतो, ते चूक. सिमेंट पाणी धरतं, दोघांत रासायनिक क्रिया होते आणि आतून ऊब सुटते, अंगात कणकण आल्यासारखी. ती ऊब किती आणि किती वेळ, यावरून आत किती ताकद आली ते काढता येतं. पूर्वी काँक्रीटचे ठोकळे करून ते यंत्रात फोडून बघायचे आणि आठवडा आठवडा वाट बघायचे. आता काँक्रीटमध्येच केसाएवढ्या काचेच्या तारा पसरलेल्या असतात. त्या इंचाइंचाची ऊब सांगतात. साक्षीनं जगभरातल्या हजारो भिंतींच्या उबेचा अभ्यास केलाय. ती ‘तयार’ म्हणाली, की बिनड्रायव्हरची क्रेन स्वतःच कामाला लागते. कुणाची सही नको, कुणाला विचारणं नको.

“चार दिवसांत!” सर म्हणाले. “सोमवारी ओतलेली भिंत शुक्रवारी सकाळी उभी!”

तेवढ्यात प्रचितीनं दमून दप्तर भिंतीच्या कडेवर टेकवलं. लगेच आवाज आला, “कृपया पॅनेलवरचं वजन काढा. पॅनेलवर काहीही असताना मी क्रेनला परवानगी देत नाही.” प्रचितीनं दप्तर असं उचललं, की डबा खाली पडून भेंडीची भाजी फरशीवर. पुन्हा सगळे हसले.

मी मात्र साक्षीच्या पडद्याकडे बघत होते. त्यावर अख्खी भिंत हिरव्या रंगात दिसत होती, पण एका कोपऱ्यात पिवळा डाग होता. पप्पा जिथं उभे होते, तोच ईशान्येचा कोपरा. मी बघत असतानाच तिथं ‘सावली’ असं आलं आणि डाग हिरवा झाला.

“सर, तिथं पिवळं काय होतं?”

“अरे वा, लक्ष आहे! ती तार थंड लागत होती. सावली पडली, की वरची तार गार होते, आतलं काँक्रीट होत नाही. म्हणून साक्षी तिथं शेजारच्या तारांचा आकडा धरते.”

“पण सर, तिथं सावली कुठाय?”

खरंच नव्हती. चहूकडे नुसतं उघडं रान, वर एप्रिलचं ऊन. सरांनी कोपऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “सकाळी पाण्याचा टँकर उभा असेल. साक्षीनं कारण शोधलंय म्हणजे बघूनच.”

“केतके,” पप्पा मधेच म्हणाले, “बस सुटंल तुझी. जा बघू.”

बस सुटायला अजून वेळ होता. ड्रायव्हरकाका तर झाडाखाली झोपले होते.

बसमध्ये आमची बैठक बसली. “त्या कारखानीसाचंच काहीतरी हाय,” नाझनीन म्हणाली. “किती गोड बोलतोय बघ की. गोड बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय, आमच्या अम्मीचं ठाम मत हाय.” प्रचितीला वाटत होतं, सिमेंटच चोरलं असणार. मलाही ते पटलं. म्हणजे मला ते पटायलाच हवं होतं. सर बाहेरगावचे, त्यांचे बूट फार स्वच्छ, आणि ते सावली न बघता सावली म्हणाले. बास की! पप्पांनी मला घाईनं का घालवलं, त्याचा मी विचारच केला नाही. केला असेल तर लगेच सोडून दिला.

बुधवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी सायकली घेऊन साइटवर गेलो. निमित्त पप्पांना ताक द्यायचं. पप्पा दुसऱ्या टोकाला पुढच्या भिंतीच्या सळ्या बांधून घेत होते. आम्ही सरळ ईशान्येच्या कोपऱ्यावर.

पहिल्यांदा नाझनीनला दिसल्या. “ए, ह्यास्नी काय सापडलंय हितं?”

मुंग्या. काळ्या, बारीक. मातीतून वर चढून, फरशीवरून सरळ रेघ धरून त्या चौकटीच्या फळीकडे चालल्या होत्या आणि फळीच्या फटीत शिरत होत्या. मला वाटलं प्रचितीच्या भेंडीला लागल्या असतील. पण भेंडी सांडली ती पार पलीकडच्या कडेला. इथं खायला काहीच नव्हतं. होतं फक्त काँक्रीट.

“भिंत गोड हाय काय गं?” नाझनीन म्हणाली. “केतके, चाटून बघ. पैज.”

चाटायला मी काही वेडी नाही. मी कंपासपेटीतून कर्कटक काढलं. आधी जरा लांब, भिंतीच्या कडेवर टोक दाबून ओढलं. चर्र झालं, टोक घसरलं, ओरखडा नाही. मग लोखंडी आकड्याच्या शेजारी, कोपऱ्यात ओढलं. टोक आत गेलं. खडूत जावं तसं. वरचा पापुद्रा कडक होता आणि खाली करडा, ओलसर गाळ. बोटाच्या पेराएवढं खोल जाईपर्यंत मी टोचत राहिले. मग माझाच हात थांबला.

 

ताक तसंच सायकलला लटकवून मी घरी आले. वाटेत, का कोण जाणे, मला सोमवारची सकाळ आठवली. उठले तेव्हा सगळं घर गुळाच्या वासानं भरलं होतं. मी उडीच मारली, म्हटलं आज पोळ्या! पण डब्यात पोहे निघाले. दिवसभर मी आईवर रुसून होते.

“आई, सोमवारी गूळ कशाला विरघळवला होतास?”

आई कागलच्या दवाखान्यात औषधं देते. नुकतीच येऊन पाय धूत होती. “पप्पांनी मागितला होता. पहिल्या भिंतीला. ढेप तशीच टाकली तर मिसळत न्हाई म्हणाले, म्हणून पातेल्यात विरघळवून, गाळून दिला. बादलीभर झाला की गं.”

“भिंतीला? गूळ?”

“अगं, तुझ्या पणजोबांपासनं चालत आलंय. चुना मळायच्या घाणीत गुळाचं पाणी घातल्याशिवाय ते भिंतीला हात लावत नव्हते. मगदुमाची भिंत गुळावर उभी, असं म्हणायचे लोक. तुझे पप्पा पण प्रत्येक इमारतीच्या पायात चिमूटभर टाकतातच. ह्यावेळी काम मोठं म्हणून म्हणाले, मनासारखं होऊ दे.”

आईच्या चेहऱ्यावर लपवण्यासारखं काहीच नव्हतं. उलट जरा कौतुकच होतं.

मी खोलीत जाऊन दार लावलं आणि टॅबवर शोधत बसले. चुन्यात गूळ घातला तर खरंच भिंत चिवट होते, पणजोबा बरोबर होते. पण सिमेंट म्हणजे चुना नाही. साखर सिमेंटच्या कणांना चिकटून बसते आणि पाण्याला आत येऊ देत नाही. थोडी असेल तर काही तास उशीर. जास्त असेल तर ते काँक्रीट दिवसेंदिवस घट्टच होत नाही. ऊबही सुटत नाही. साक्षीला कोपरा थंड लागला तो खराच थंड होता. पण तिनं पाहिलेल्या हजारो भिंतींत कुठल्याही देशात कुणी गूळ ओतला नव्हता. थंडपणाची जी कारणं तिला माहीत होती त्यातलं एक तिनं उचललं आणि शोधणं बंद केलं. मी तरी काय वेगळं केलं होतं? मी कारखानीस सर उचलले होते.

मागच्या अंगणात अर्धं पोतं सिमेंट पडून होतं. मी आईच्या दोन वाट्या घेतल्या. दोन्हींत सिमेंट, वाळू, पाणी. एकीच्या पाण्यात चमचाभर गूळ विरघळवला. दोन्ही वाट्या खिडकीत झाकून ठेवल्या.

गुरुवारी मधल्या सुट्टीत आम्ही तिघी नळाशी उभ्या होतो.

“सरांना सांगून टाक,” प्रचिती म्हणाली.

“आणि मग? न सांगता काय मिसळलं तर साक्षी कंत्राटदाराचं नाव यादीतनं कायमचं काढून टाकते. सगळ्या कंपन्यांकडं तीच हाय. पप्पांना परत कुठलंच काम मिळणार न्हाई.”

“आणि न्हाई सांगितलंस तर?” नाझनीननं विचारलं. नेहमीच्या आवाजात नाही.

मी बाटल्या भरत राहिले. तिघींच्या. पैज जिंकूनही.

शाळा सुटल्यावर मी एकटीच साइटच्या फाटकाशी गेले. तिथं पाहुण्यांसाठी साक्षीचा एक पडदा आहे. मनात म्हटलं, हिलाच सांगते. यंत्राला कुठं राग-लोभ?

“पहिल्या पॅनेलमध्ये गूळ आहे,” मी म्हटलं. “ईशान्येच्या कोपऱ्यात. बादलीभर.”

“पहिल्या पॅनेलची नोंद फक्त कंत्राटदार सुभाष मगदूम यांच्या आवाजात घेता येते,” तोच गार आवाज. “आपलं म्हणणं मी पाहुण्यांच्या अभिप्रायांत जमा केलं आहे. आपली भेट आम्हाला आवडली. पॅनेल उद्या सकाळी उचलण्यासाठी तयार आहे.”

पडद्यावर सगळी भिंत हिरवीगार. कुणी नवीन चादर अंथरावी तशी.

संध्याकाळी पप्पा लवकर आले. सोबत इस्त्रीचा शर्ट. उद्या मोठे पाहुणे येणार होते. आईनं चहा टाकला. मी खिडकीतल्या दोन्ही वाट्या आणून त्यांच्यासमोर ठेवल्या.

“माझ्या वाट्या!” आई ओरडली. “केतके, सिमेंट घातलंस ह्यात?”

“पप्पा, ही वाजवा.”

पप्पांनी पहिली वाटी उपडी केली, बोटानं टकटक केलं. खणखणीत आवाज. ते हसले. “शाळेचा प्रयोग काय? चांगलं धरलंय की.”

“आता ही.”

दुसऱ्या वाटीत त्यांनी बोट टेकवलं. बोट आत गेलं. त्यांनी ते बाहेर काढलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं.  आईनं चहाचा कप खाली ठेवला तेव्हा बशी वाजली.

“हे पाणी जास्त झालं असंल,” पप्पा म्हणाले.

“दोन्हींत सारखंच हाय.”

“मग सिमेंट जुनं असंल.”

“दोन्हीत तेच हाय, पप्पा. हिच्यात गूळ हाय.”

“अगं, गुळानं कुठं…” त्यांचा आवाज चढला. “पंधरा बंगल्यांच्या पायात घातलाय मी. तुझ्या शाळेच्या पायात घातलाय! हललीय का शाळा?”

“तिथं चिमूटभर घातला. आणि पाया कुणी क्रेननं उचलत न्हाई. मी काल कोपऱ्यात कर्कटक टोचलं. आकड्याच्या अगदी शेजारी. पेराएवढं आत गेलं. उचलताना तो आकडा उपसून येणार आणि भिंत खाली येणार.”

“साक्षी तयार म्हणतीय.”

“तिला कुठं माहिताय? तुम्ही सांगितलं तिला?”

पप्पांनी बोटाचा गाळ बशीच्या कडेला पुसला.

“मंगळवारी मी भिंतीला प्रश्न विचारला, तेव्हा तुम्ही हसला न्हाईत,” मी म्हटलं. “तेव्हाच तुमच्या मनात आलं होतं.”

“जरा वाटलं,” ते हळू म्हणाले. “ते पिवळं दिसलं तेव्हा. काँक्रीटच्या गाडीतनं काय काय आलं ते सगळं तिच्याकडं नोंदलंय. बादली काय नोंदली न्हाई. पूजेच्या वेळी ईशान्येच्या कोपऱ्यात ओतली. कारखानीस सायबानं पण हात जोडले, खोबरं खाल्लं. मग पिवळ्याचं हिरवं झालं. म्हटलं, माझ्यापेक्षा तिला जास्त कळतंय.”

आई इतका वेळ उभीच होती. “उद्या ती भिंत उचलताना,” तिनं विचारलं, “टेकू लावायला खाली कोण असतंय?”

“मी असतो. आणि आपली चार माणसं.”

आई खुर्चीवर बसली. ज्या पातेल्यात तिनं गूळ विरघळवला होता, ते समोरच्या फळीवर चकचकीत घासून उपडं घातलेलं होतं. ती त्याच्याकडे बघेना.

“सांगून टाका हो,” ती म्हणाली.

“सांगून टाका?” पप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. “आत्ता सांगितलं तर उद्यापासनं मगदुमाला कुठल्या साइटच्या फाटकातनं आत घेत न्हाईत. माणूस चार दिवसांनी विसरतोय, ती विसरत न्हाई. तीन पिढ्या भिंती बांधल्या, आणि नाव जाणार कशानं, तर गुळानं? लोक हसतील.” ते माझ्याकडे वळले. “चार आकडे हायत, केतके. तीन चांगले हायत. मी सकाळी नीट बघतो. त्या बाजूला माणूस उभा करत न्हाई. मीच ऱ्हातो तिथं.”

मीच राहतो. हे ते मला धीर द्यायला म्हणाले.

हे कबड्डीत समोरच्या अंगणात शिरण्यासारखंच होतं.  फरक इतकाच, की समोर माझीच माणसं होती आणि मला कुणाला बाद करायचं नव्हतं. सगळ्यांना घेऊन रेघेच्या अलीकडे यायचं होतं.

मी दप्तरातली वह्या-पुस्तकं काढली. पाण्याची बाटली भरली, टोपी टाकली. वरून ती मऊ वाटीही ठेवली.

“हे काय करालीस?” आईनं विचारलं.

“आई, पप्पा, मी ठरवलंय,” मी म्हटलं.  “उद्या मी शाळेला जात न्हाई. क्रेन जागी व्हायच्या आधी मी त्या ईशान्येच्या कोपऱ्यावर जाऊन बसतो. भिंतीवर वजन असलं की साक्षी क्रेनला हलू देत न्हाई, मग ते दप्तर असू दे न्हाईतर मी. कारखानीस सर ओरडू देत, पाहुणे बघू देत. मी कुणाला काय सांगणार न्हाई. सांगायचं ते तुम्ही, पप्पा, तुमच्या आवाजात. तुम्ही तिला गूळ सांगितला, की मी उतरतो.”